मनगटावरचा पट्टा आणि घरातली पावले

स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले, केमोच्या फेऱ्या संपल्या, शेकही देऊन झाला, की घराघरांत एकच वाक्य ऐकू येते : "अम्मी, तुम्ही आता नुसत्या बसा." सून हातातले भांडे काढून घेते, मुलगा पिशवी उचलू देत नाही. यात माया असते आणि भीतीही असते. पण तज्ज्ञांचे म्हणणे आज नेमके उलट आहे. उपचारानंतरचा थकवा पडून राहिल्याने जात नाही, हालचालीने हलका होतो. अमेरिकेत जमलेल्या तज्ज्ञांनी २०१९ साली आठवड्यातून तीनदा, दर वेळी ३० मिनिटे, जरा दम लागेल एवढा व्यायाम सुचवला. त्याने थकवा, चिंता आणि उदासी कमी होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

अडचण अशी, की आपण किती हललो हे कोणालाच सांगता येत नाही. "दिवसभर कामातच असते" असे म्हणणाऱ्या बाईचे कितीतरी तास बैठकीतच गेलेले असतात. येथे मनगटावरचा पावले मोजणारा पट्टा उपयोगी पडतो.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे याचा प्रयोग झाला. उपचार पूर्ण झालेल्या, पाळी गेलेल्या आणि फारशी हालचाल नसलेल्या ८३ स्त्रिया त्यात होत्या. एका गटाला १२ आठवडे पट्टा दिला; फार वेळ बसून राहिले की तो आवाज करतो. आठवड्याअखेर या स्त्रियांची दमदार हालचाल दुसऱ्या गटापेक्षा ६९ मिनिटांनी जास्त भरली आणि रोजचे बसणे ३७ मिनिटांनी घटले. मात्र पट्ट्यासोबत एक समजावणीची बैठक आणि पाच फोनही होते. आमच्या मते त्या फोनचा वाटा लहान नसावा. पट्टा आकडा दाखवतो, विचारपूस करत नाही. आणि पट्ट्याने आजार परत येत नाही, असे या प्रयोगातून कोणी सिद्ध केलेले नाही, हेही सांगितले पाहिजे.

१०,००० पावलांची धास्ती घेऊ नये. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका यंत्राच्या नावातून पसरला, दवाखान्यातून नाही. पहिला आठवडा पट्टा नुसता बांधावा. रोजची २,५०० पावले निघाली, तर पुढे ३,००० करावीत. पट्टा चुकतोही : कणीक मळताना पावले धरतो, दोन्ही हातांत सामान असले की चाललेले सोडून देतो. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातावर तो बांधू नये, घट्ट तर नाहीच. वजू करताना काढून ठेवावा, म्हणजे खाली पाणी नीट पोहोचते.

हाताला सूज येईल, या भीतीने पुष्कळ भगिनी तो हात जपून, छातीशी धरून ठेवतात. त्याने खांदा आखडतो. अमेरिकेत १४१ स्त्रियांवर झालेला, २००९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे महत्त्वाचा आहे. या सर्वांच्या हाताला आधीच सूज होती. देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजन उचलल्याने ती सूज वाढली नाही. उलट दुखणे उफाळण्याचे प्रसंग कमी झाले. तेव्हा डॉक्टरांना विचारून घरीच सुरुवात करता येते : भिंतीवर बोटांनी हात वर चढवणे, खांदे गोल फिरवणे, हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे. नंतर पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली उचलणे. हात जड वाटला, लाल झाला किंवा ताप आला, तर थांबून दवाखाना गाठावा. हाडांत आजार पोहोचला असेल किंवा हृदयाला त्रास असेल, त्यांनी आधी विचारल्याशिवाय काहीच करू नये.

तकबीरसाठी हात उचलताना खांदा कुठवर जातो, हे रोज पाच वेळा आपोआप कळते. सजदा जमत नसेल तर खुर्चीवर नमाजची सवलत आहेच. तिचा अर्थ दिवसभर खुर्ची असा मात्र नाही. सफा-मरवाच्या सात फेऱ्या जवळपास तीन किलोमीटर भरतात. उमऱ्याची इच्छा बाळगणाऱ्या अम्मीला गच्चीवर किंवा लांब व्हरांड्यात तेवढे चालण्याचा सराव आतापासूनच करता येईल.

पट्टा विकत घेणे परवडत नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर मिनिटे लिहावीत. मुलगी सासरी किंवा दुबईला असेल, तर जुम्याच्या फोनवर "औषध घेतले का?" याच्या पाठोपाठ तिने एवढेच विचारावे : "अम्मी, या आठवड्यात किती चाललात?"