परीक्षा संपली म्हणजे शाळा संपली का?

एप्रिल महिना आला की आपल्या वस्त्यांमध्ये दोन गोष्टी सोबतच घडतात. जयंतीची तयारी सुरू होते आणि मुले सकाळपासून गल्लीत दिसू लागतात. शाळेला सुट्टी लागली का, असे विचारले की उत्तर येते, "पेपर संपले." सरकारी वेळापत्रकाप्रमाणे महाराष्ट्रातील राज्य मंडळाच्या शाळांचे वर्ष एप्रिलअखेरपर्यंत चालते, १ मे रोजी निकाल लागतो आणि त्यानंतर उन्हाळी सुट्टी सुरू होते. प्रत्यक्षात शेवटचा पेपर झाला की वर्ग रिकामे होतात. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परीक्षा आटोपली, तर पुढचे दोन-तीन आठवडे शाळा फक्त कागदावर उरते.

हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यावर कुणी प्रश्नही विचारत नाही. आम्हाला मात्र वाटते की जयंतीच्या याच महिन्यात हा प्रश्न आपल्या युवकांनी विचारला पाहिजे. कारण हे दिवस सगळ्यांचे सारखे बुडत नाहीत.

शाळा लवकर का संपते?

सगळा दोष शिक्षकांवर टाकणे सोपे आहे, पण खरे नाही. कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण परीक्षेची रचना. आपल्याकडे पालक, शिक्षक आणि मुले या तिघांच्याही मनात शिक्षण म्हणजे पाठ्यपुस्तक आणि त्याचा शेवट म्हणजे परीक्षा. दुसऱ्या सत्राचे संकलित मूल्यमापन झाले की शिकवायला काही उरले नाही, अशी सर्वांची समजूत असते. मुले येत नाहीत म्हणून शिक्षक शिकवत नाहीत आणि शिक्षक शिकवत नाहीत म्हणून मुले येत नाहीत. हे चक्र कुणी सुरू केले ते सांगता येत नाही, पण दरवर्षी फिरते हे खरे.

दुसरे कारण शिक्षकांवरील कामाचा बोजा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. माध्यमिक शाळांच्या इमारती परीक्षा केंद्रे होतात, शिक्षक पर्यवेक्षणात आणि पेपर तपासण्यात गुंततात. त्यानंतर स्वतःच्या शाळेचे पेपर, आकारिक आणि संकलित गुणांची बेरीज, वर्णनात्मक नोंदी, प्रगतिपुस्तके आणि निकालपत्रके. दोन शिक्षकांच्या जिल्हा परिषद शाळेत हे सगळे दोघांनीच करायचे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत, पण दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांना त्यातून सूट आहे. २०२४ साली महाराष्ट्रात लोकसभेचे मतदान १९ एप्रिल ते २० मे या काळात पाच टप्प्यांत झाले. ज्या शिक्षकांना निवडणुकीची ड्युटी होती, त्यांचा त्या वर्षीचा एप्रिल कसा गेला असेल ते वेगळे सांगायला नको.

तिसरे कारण ऊन आणि पाणी. नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांत एप्रिलमध्ये पारा चाळीशी ओलांडतो. पत्र्याच्या खोल्या, बंद पंखे आणि आटलेली टाकी अशी शाळा असेल तर मुलांना दुपारपर्यंत बसवणे धोक्याचेच. म्हणून शाळा सकाळच्या सत्रात भरते. साधारण सात ते सव्वाअकरा या वेळेत प्रार्थना, हजेरी आणि पोषण आहार वजा जाता शिकवायला फार थोडा वेळ उरतो.

चौथे कारण आपण स्वतः. लग्नसराई, गावची जत्रा, आधीच काढून ठेवलेली गाडीची तिकिटे. पेपर संपले की दुसऱ्या दिवशी कुटुंब गावी निघते. काही ठिकाणी शाळाच पालकांना तोंडी सांगते, "आता पाठवू नका, निकालाला या." लेखी काहीच नसते. त्यामुळे कागदावर शाळा सुरू राहते आणि कुणालाच जाब विचारता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत कामाचे दिवस आणि तास दोन्ही ठरवून दिले आहेत. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. हे तास शिकवण्याचे आहेत, शाळेचे कुलूप उघडे असण्याचे नाहीत. कलम २४ नुसार शिक्षकाने नियमित आणि वेळेवर हजर राहणे, ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण करणे आणि पालकांशी नियमित बैठका घेणे बंधनकारक आहे.

आता साधा हिशोब करू. समजा एखाद्या शाळेचे पेपर ८ एप्रिलला संपले. रविवार आणि सणांच्या सुट्ट्या वजा केल्या तर महिनाअखेरपर्यंत साधारण पंधरा दिवस उरतात. सकाळच्या सत्राचे रोज चार तास धरले तर ६० तास होतात. ८०० पैकी ६०, म्हणजे साडेसात टक्के. एका वर्षापुरते हे किरकोळ वाटेल. पण पहिली ते आठवी अशी आठ वर्षे हेच घडले तर १२० दिवस जातात. प्राथमिक शाळेचे पूर्ण वर्ष २०० दिवसांचे असते. म्हणजे आठवीतून बाहेर पडणाऱ्या आपल्या मुलाच्या हिश्शातून अर्ध्या वर्षापेक्षा जास्त शाळा गळून गेलेली असते, आणि ती गेली हे त्याच्या कोणत्याही प्रगतिपुस्तकात लिहिलेले नसते.

नुकसान कुणाचे?

ज्या घरात पुस्तके आहेत, शिकलेले आईवडील आहेत, छंदवर्ग आणि शिकवणीला पैसे आहेत, तिथे एप्रिलमधले हे दिवस दुसऱ्या मार्गाने भरून निघतात. ज्या मुलाला शाळेबाहेर शिकण्याची दुसरी जागाच नाही, त्याच्यासाठी शाळा बंद म्हणजे शिक्षण बंद. त्यातही तीन गटांकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो.

पहिला गट ऊसतोड कामगारांच्या मुलांचा. बीडसह मराठवाड्यातील आणि आसपासच्या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन कारखान्यांवर जातात आणि पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावातच राहतात, पण बरीच आईबापांसोबत फडावर जातात. ती परत येतात तेव्हा गावच्या शाळेत परीक्षा चालू असते किंवा संपलेली असते. पाच महिने मागे पडलेल्या या मुलांना खरी गरज असते ती याच तीन आठवड्यांची. वर्गात मुले कमी, अभ्यासक्रमाची घाई नाही आणि शिक्षक समोर. मागे राहिलेल्याला हात देण्याचा हाच काळ, आणि नेमका तोच वाया जातो.

दुसरा गट पाचवी आणि आठवीच्या मुलांचा. केंद्राने २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती केली. त्यानंतर महाराष्ट्राने २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा लागू केली. नापास झालेल्या मुलाला पूरक मार्गदर्शन देऊन पुन्हा परीक्षेची संधी द्यायची आणि त्यातही तो नापास झाला तर त्याच वर्गात ठेवायचे, असा हा नियम आहे. पण निकाल १ मे रोजी लागतो आणि लगेच सुट्टी सुरू होते. मग मार्गदर्शन कधी होणार? कोणती मुले कच्ची आहेत हे शिक्षकाला पेपर तपासतानाच कळते. त्या मुलांना एप्रिलमध्ये शिकवले नाही तर पूरक मार्गदर्शन हा शब्द कागदावरच राहतो. नापासाचा शिक्का मात्र मुलाच्या कपाळी लागतो, आणि वर्गात मागे ठेवलेले मूल शाळा सोडण्याच्या उंबरठ्यावर उभे असते.

तिसरा गट शाळेतल्या जेवणावर अवलंबून असलेल्या मुलांचा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार आठवीपर्यंतच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांत सुट्ट्या वगळून दररोज शिजवलेले मोफत जेवण मिळण्याचा हक्क आहे. प्राथमिकसाठी ४५० आणि उच्च प्राथमिकसाठी ७०० उष्मांक असे प्रमाण ठरलेले आहे. २०१५ च्या नियमांनुसार शाळेच्या दिवशी शाळेने जेवण पुरवले नाही तर धान्य आणि शिजवण्याचा खर्च यांइतका अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागतो. म्हणजे "पाठवू नका" असे तोंडी सांगितले जाते, तेव्हा पाटीबरोबर ताटही काढून घेतले जाते. दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही जेवण द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला होता. सुट्टीतल्या भुकेची दखल न्यायालयाने घेतली. कामाच्या दिवसांतली भूक तरी आपण पाहायला हवी.

आणखी एक गोष्ट. बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत कुटुंबाच्या व्यवसायात मदत करण्याची मुभा ठेवली. शाळा तीन आठवडे आधीच ओस पडली की ही मुभाही तीन आठवडे आधीच सुरू होते. मुलगी आईबरोबर धुणीभांड्याला जाऊ लागते, मुलगा गाड्यावर किंवा वीटभट्टीवर दिसू लागतो. जूनमध्ये यांतले प्रत्येक मूल शाळेत परत येईलच असे नाही.

फक्त परीक्षा पुढे ढकलून भागेल?

मार्च २०२५ मध्ये राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिलदरम्यान घेण्याचे वेळापत्रक काढले. शाळा एप्रिलअखेरपर्यंत भराव्यात हा त्यामागचा हेतू होता. शिक्षक आणि पालकांकडून त्याला विरोध झाला. ऊन वाढलेले असते, २५ तारखेला पेपर संपल्यावर १ मेपर्यंत निकाल कसा लावायचा आणि गावी जाण्याचे बेत आधीच ठरलेले असतात, हे त्यांचे आक्षेप होते. ते अगदीच चुकीचे नव्हते.

आमच्या मते इथे एक मूलभूत गोष्ट निसटते. परीक्षा पुढे नेली म्हणून शिकवणे आपोआप वाढत नाही. परीक्षाच शाळेचा शेवट राहिली तर ती कितीही पुढे नेली तरी शाळा तिथेच संपणार. खरी गरज आहे ती परीक्षेनंतरही शाळेत येण्यासारखे काही असण्याची. वाचन, गणिताच्या मूलभूत क्रिया, तपासलेल्या पेपरातील चुका समजावून सांगणे, प्रयोग, पुढच्या इयत्तेची ओळख. यासाठी वेगळा निधी लागत नाही. वेळापत्रक आणि इच्छा लागते.

बाबासाहेबांनी मांडलेला हिशोब

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे मंडळात शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आकड्यांनिशी दाखवून दिले होते की प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत ढकलली जातात. शाळेत नाव घातले म्हणजे शिक्षण झाले, हे त्यांनी मान्य केले नाही. शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, ही त्यांची कसोटी होती. त्याआधी १८८२ साली हंटर आयोगासमोर महात्मा फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. आज पटनोंदणी जवळपास सगळीकडे झाली आहे. म्हणूनच आता हिशोब पटाचा नको, मुलाला प्रत्यक्ष मिळालेल्या दिवसांचा आणि तासांचा हवा.

आपण काय करू शकतो?

शाळा व्यवस्थापन समितीत जा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि वंचित गटांतील पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. आपल्या वस्तीतील किती माता या समितीत आहेत ते आधी पाहा. ज्या आहेत, त्यांना बैठकीची सूचना मिळते की नुसती सही घेतली जाते, तेही विचारा.

मार्चच्या बैठकीतच परीक्षेनंतरचे वेळापत्रक लेखी मागा. एप्रिलमध्ये भांडण्यापेक्षा मार्चमध्ये ठराव करून घेणे सोपे जाते. स्थलांतरातून परतलेल्या मुलांची यादी करून शाळेला द्या आणि त्यांच्यासाठी रोज दोन तास राखून ठेवायला सांगा.

तोंडी सूचना मान्य करू नका. "पाठवू नका" असे कुणी म्हटले तर ते लिहून द्यायला सांगा. बहुतेक वेळा लेखी मागितले की शाळा भरते. माहिती अधिकारात वर्षभरातील कामाचे दिवस, अध्यापनाचे तास, एप्रिलची हजेरी आणि पोषण आहाराच्या नोंदी मागता येतात. उत्तर तीस दिवसांत मिळाले पाहिजे. हजेरीपट आणि आहाराची नोंद शेजारी ठेवली की बरेच काही कळते.

शिक्षकांशी वैर धरू नका. निकालाच्या कामात बुडालेल्या दोन शिक्षकांच्या शाळेत आपले पदवीधर युवक वाचनाच्या तासाला मदत करू शकतात. मुख्याध्यापकांशी बोलून तसे ठरवा. अशैक्षणिक कामांविरुद्ध शिक्षक आवाज उठवतात तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहा.

आणि विहार उघडा ठेवा. उन्हाळ्यात अनेक ठिकाणी श्रामणेर शिबिरे आणि बालसंस्कार वर्ग होतात. त्याला रोज एक तास वाचन-लेखनाची जोड द्या. विहारातला वर्ग शाळेची जागा घेऊ शकत नाही आणि घेऊही नये, कारण शाळा चालवणे ही शासनाची जबाबदारी आहे. तो सुट्टीसाठी असावा.

१४ एप्रिलची मिरवणूक आपण दणक्यात काढतो, काढलीच पाहिजे. यंदा जयंती समितीच्या पहिल्या बैठकीत वर्गणीच्या हिशोबासोबत आणखी एक हिशोब मांडू या. १५ एप्रिलला आपल्या वस्तीतील किती मुले शाळेत जाणार आहेत? त्या सकाळी दोन कार्यकर्त्यांनी शाळेच्या फाटकाशी जाऊन मोजून यावे. आकडा हातात आला की पुढे काय करायचे ते आपल्याला कुणी सांगावे लागणार नाही.

जय भीम!