मुळे, तिसऱ्या आणि चोवीस महिने

समुद्रविज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठे जहाज आणि पांढरा डगला घातलेला शास्त्रज्ञ उभा राहतो. कोकणात शिंपल्यांवर पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला यांपैकी फारसे काही येत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो गुडघाभर चिखल, एक लोखंडी चौकट, मापे घेण्याची पट्टी आणि पंचांग. पंचांग हा शब्द वाचून ह्या पानांचा वाचक दचकेल. पण इथे मुहूर्ताचा प्रश्न नाही, ओहोटीचा आहे.

खाडीकाठच्या माणसांचा जुना हिशोब असा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. त्यापासून सहा तास इकडे-तिकडे सुकती. उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वांत जास्त मागे हटते आणि शिंपल्यांचे पट्टे उघडे पडतात. म्हणजे नमुने घ्यायचे ते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पहाटे पाचच्या सुमारास किंवा संध्याकाळी तितक्याच वाजता. हातात वेळ दोन-अडीच तास. सरकारी कॅलेंडर, विद्यापीठाची सुट्टी किंवा मार्गदर्शकाची सोय यांपैकी कशाचीही ओहोटी वाट पाहत नाही.

आता हा विद्यार्थी देवरूखचा आहे असे समजा. देवरूख हे संगमेश्वर तालुक्याचे ठाणे. गाव सह्याद्रीच्या बाजूचे, समुद्रापासून दूर. पण ह्याच तालुक्याची दुसरी बाजू खाडीत उतरते. शास्त्री नदी संगमेश्वरावरून, फुणगूसवरून पुढे जयगडच्या खाडीला मिळते. साखरप्याकडून उतरणारी काजळी भाट्याच्या खाडीतून रत्नागिरीशेजारी समुद्र गाठते. तेव्हा डोंगरात पडलेला पाऊस शिंपल्यांच्या जिवावर कसा उठतो, हे समजून घ्यायला देवरूखचा मुलगा किंवा मुलगी अगदी योग्य. अडचण वेगळीच आहे. देवरूख ते रत्नागिरी अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. पहाटे पाचच्या सुकतीला सकाळची पहिली एस.टी. उपयोगाची नाही. आदल्या रात्री खाडीकाठच्या गावात मुक्काम करावा लागतो. मुक्काम करायचा कोणाच्या घरी? कोकणातली गावे वाड्यावाड्यांनी वसलेली आहेत, आणि पाहुण्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘कुठल्या वाडीतला?’ हाच असतो. प्रबंधातील ‘संशोधनपद्धती’ ह्या प्रकरणात ह्या प्रश्नाला जागा नसते. मात्र नमुने कोणत्या गावातून घ्यायचे हे अनेकदा त्यावर ठरते.

कामाचे स्वरूप जरा तपशिलाने सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. चिखलावर ठरावीक मापाची चौकट ठेवायची. तिच्या आतला चिखल-वाळू उपसून चाळायची. सापडलेले सगळे शिंपले मोजायचे, प्रत्येकाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहायची. पाण्याचे तापमान आणि खारटपणा नोंदवायचा. काही शिंपले प्रयोगशाळेत आणून मांस आणि कवच यांची वेगवेगळी वजने करायची. काहींची जननग्रंथी औषधी द्रावणात घट्ट करून, तिचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. मादी अंड्यांनी भरली आहे की रिकामी झाली आहे, हे त्या कापांवरून कळते. हेच सर्व पुढच्या महिन्यात पुन्हा. त्यापुढच्या महिन्यात पुन्हा. लांबीच्या आकड्यांचा ढीग महिन्यामहिन्याने सरकत जातो, त्यावरून शिंपला किती दिवसांत किती वाढतो हे ठरते.

ह्यात खरा कस लागतो तो पावसाळ्यात. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. समुद्राचे पाणी दर हजारी सुमारे पस्तीस भाग खारट. जून-जुलैत खाडीच्या वरच्या भागात ते जवळजवळ गोडे होते. शिंपला दोन्ही झाकणे घट्ट मिटून दिवस काढतो. नेहमी तो नळीवाटे पाणी आत ओढून कल्ल्यांतून गाळतो आणि त्यातले सूक्ष्म अन्न खातो. झाकणे मिटली की श्वासही आखडतो आणि अन्नही. गोडे पाणी फार दिवस टिकले तर पट्टेच्या पट्टे मरतात. म्हणून जुलैचा नमुना सोन्याच्या मोलाचा. आणि जुलैचा नमुना राहिला, तर तो ऑगस्टमध्ये दुप्पट काम करून भरून निघत नाही. पुढच्या जुलैपर्यंत थांबावे लागते. तो जुलै मागच्यासारखा असेलच असे नाही, म्हणून चांगला मार्गदर्शक बारा महिन्यांवर समाधान मानत नाही, चोवीस मागतो.

महाराष्ट्रात हे काम झालेले आहे. ज्यांनी ते केले त्यांच्याही दारात समुद्र नव्हता. १९७० च्या दशकात तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठाच्या (१९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) प्राणिशास्त्र विभागातील आर. नागभूषणम आणि यू. एच. माने यांनी रत्नागिरीजवळच्या काळबादेवी खाडीतील ‘कॅटेलिशिया ओपिमा’ ह्या शिंपल्याच्या प्रजननाचा अभ्यास करून तो १९७५ साली प्रसिद्ध केला. हा शिंपला किती पाणी गाळतो आणि परिस्थितीप्रमाणे ते कसे बदलते, यावर माने यांनी त्याच सुमारास लिहिले. हिरव्या शिणाण्यांवरही त्यांचे काम आहे. औरंगाबाद आणि काळबादेवी यांच्यात रस्त्याने चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर. दुष्काळी मुलुखातल्या विद्यापीठाने कोकणच्या चिखलावर अधिकाराने लिहावे, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. समुद्र कोणाच्या मालकीचा नाही आणि समुद्रशास्त्र तर मुळीच नाही. बाकी संस्था आहेतच : रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ चे, शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ चे, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ ची, आणि १९४७ साली मंडपमला सुरू होऊन पुढे कोचीला स्थिरावलेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था.

मग प्रश्न उरतो चोवीस महिन्यांचा. चोवीस महिने खंड न पडता खाडीवर जाणे कोणाला परवडते? घरी शेती-नोकरीचा आधार असलेल्याला परवडते. ज्याच्या घरात तो पहिलाच पदवीधर आहे, त्याला अधिछात्रवृत्तीशिवाय परवडत नाही. अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २००५-०६ पासून सुरू झाली, तिचे नाव पुढे बदलले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती महिना ३७ हजार रुपये केली. रक्कम कमी नाही. पण रक्कम आणि ती हातात पडण्याची तारीख ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२३ साली बार्टीच्या अधिछात्रवृत्तीच्या मागणीसाठी संशोधक विद्यार्थी मुंबईत आझाद मैदानावर धरणे धरून बसले होते. ग्रंथालयात काम करणारा संशोधक अशा काळात हाल सोसतो, उसनवारी करतो, पण त्याचे ग्रंथ जागच्या जागी असतात. शिंपल्यांच्या अभ्यासकाचे तसे नाही. पैसे थकले, होडीवाल्याला देता आले नाहीत, खोलीचे भाडे थकले म्हणून दोन महिने गावी जावे लागले, की त्याच्या आलेखात दोन महिन्यांची पोकळी पडते. परीक्षक ती पोकळी बघतो आणि विद्यार्थ्याचे काम कच्चे आहे असे म्हणतो. आर्थिक विषमता अशा रीतीने गुणवत्तेच्या नावाखाली प्रबंधात शिरते. ‘आमच्याकडे ह्या विषयात मुलेच येत नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्या प्राध्यापकांनी हा आलेख एकदा ह्या नजरेने वाचावा.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. संशोधक पहाटे खाडीवर पोचतो तेव्हा तिथे त्याच्या आधी बायका आलेल्या असतात. वाकून, बोटांनी किंवा कोयत्याच्या टोकाने चिखल उकरून त्या मुळे, तिसऱ्या गोळा करतात, कातळावरची कालवे फोडतात. दिवसाची मेहनत बाजारात वाट्याने विकली जाते. मुंबईच्या हॉटेलात त्याच तिसऱ्यांच्या ताटलीचा भाव काय असतो ते सर्वांना ठाऊक आहे. शिंपला कोणत्या महिन्यात भरलेला आणि कोणत्या महिन्यात पोकळ, कुठल्या पट्ट्यात चिखल वाढल्याने पैदास बसली, हे ह्या बायकांना माहीत असते. नव्या संशोधकाचे पहिले काम म्हणजे त्यांचे शब्द आणि शास्त्राची नावे यांचा मेळ घालणे. ते सोपे नसते, कारण एका गावात ज्याला तिसरी म्हणतात त्याला दुसरीकडे वेगळे नाव असते आणि एकाच नावाखाली दोन-तीन जाती खपून जातात. शास्त्रीय नावापुढे मात्र शोधकाचे नाव पक्के बसते. आपल्या ‘ओपिमा’पुढे गमेलिन ह्या जर्मन पंडिताचे नाव आणि १७९१ हे साल लागते. जिने शिंपला उकरून हातात ठेवला, ती प्रबंधाच्या ऋणनिर्देशात ‘स्थानिक मदतनीस’ म्हणून येते. कित्येकदा तेवढीही येत नाही.

हे ज्ञान एकत्र आले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण केरळात आहे. कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीत शिंपल्यांच्या विणीचा काळ लक्षात घेऊन डिसेंबर ते फेब्रुवारी वेचणी बंद ठेवली जाते, आणि जाळ्याचा डोळा लहान ठेवायला मनाई आहे. ह्या मासेमारीला २०१४ साली शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतातले ते पहिले. ‘कुठले तीन महिने बंद ठेवायचे’ ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर महिन्यामहिन्याच्या नोंदीशिवाय देता येत नाही. केरळचे महिने उचलून कोकणात लावून चालणार नाही, कारण खाडी वेगळी, पाऊस वेगळा आणि शिंपल्याची जातही वेगळी.

आणि शिंपला साक्षीदारही असतो. तो जागचा हलत नाही आणि पाण्यातले जड धातू मांसात साठवतो. म्हणूनच अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली शिणाण्यांसारख्या शिंपल्यांवरून किनाऱ्याचे प्रदूषण मोजत राहण्याची कल्पना मांडली. दाभोळ खाडीतले मच्छीमार लोट्याच्या रासायनिक सांडपाण्याविरुद्ध वर्षानुवर्षे तक्रारी करत आले आहेत. अशा तक्रारीला अधिकारी पहिला प्रश्न विचारतो तो ‘पुरावा काय?’ हा. सलग चोवीस महिन्यांच्या नोंदी असलेला प्रबंध हा पुरावा होऊ शकतो, पण तो इंग्रजीत, विद्यापीठाच्या कपाटात असतो. त्यातले दोन तक्ते आणि चार पाने मराठीत करून फुणगूस किंवा भाट्याच्या ग्रामपंचायतीत नेऊन द्यायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. खर्च झेरॉक्सचा आणि एस.टी.च्या तिकिटाचा.