इतर हक्कांचा रकाना

शहापूर-मुरबाडकडची जमीन बघायला आलेला जाणकार सातबाऱ्यावर मालकाच्या नावापाशी फार वेळ थांबत नाही. त्याची नजर थेट उजवीकडे, इतर हक्कांच्या रकान्यात जाते. कूळ असेल तर तिथे, सोसायटीचा बोजा तिथे, आदिवासी जमिनीच्या हस्तांतरावरचं जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ चं बंधनही तिथेच. नमुना ठरवताना ज्याला स्वतंत्र जागा मिळाली नाही, ते सगळं या एका रकान्यात कोंबलं गेलं.

एडगर कॉड या आयबीएममधल्या संशोधकाने 1970 साली माहिती तक्त्यांत मांडण्याचं जे तत्त्व सांगितलं, त्याचा रोख अशाच अडचणीकडे होता. माहिती आत कशी साठवली आहे याच्याशी वापरणाऱ्याला देणंघेणं नसावं, म्हणजे रचना बदलली तरी त्याचं काम अडत नाही. सांगायला सोपं आहे. रचना बदलण्याची वेळ येते तेव्हा तक्त्यात लाखो ओळी आधीच बसलेल्या असतात, खरी गोम ती.

आपल्या महसूल खात्याला बदल नोंदवण्याची शिस्त मात्र जुनीच. गाव नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवही. वारस लागला, खरेदी झाली, की क्रमांक पडतो, नोटीस निघते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. जुनं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. डेटाबेस सांभाळणारेही रचनेतला प्रत्येक बदल असाच क्रमांक देऊन, ओळीने जपतात. कोऱ्या डेटाबेसवर ते बदल पहिल्यापासून चालवले की आजची रचना उभी राहते. फरक एवढाच की फेरफाराने ओळी बदलतात, रकाने नाही. रकाने क्वचित हलतात. 2020 साली हलले: गावाला एलजीडी हा ओळख-कोड मिळाला, खाते क्रमांक नावाशेजारी आला, बिनशेतीचा नमुना वेगळा झाला. त्याआधी 2017 च्या उन्हाळ्यात संगणकातला सातबारा हस्तलिखिताशी ताडण्यासाठी गावोगाव चावडी वाचन झालं होतं. स्थलांतरित माहितीची इतकी चोख तपासणी मोठ्या कंपन्यांतही सहसा होत नाही, असं माझं मत.

ठाणे जिल्ह्यात सर्वांत महाग पडला तो ‘खाजगी वन’ हा शेरा. 1975 च्या कायद्याने खाजगी वनं सरकारजमा झाली. त्याला आधार अनेकदा वन कायद्याच्या कलम 35(3) खाली पूर्वी निघालेल्या नोटिशीचा. पुढे गोदरेज प्रकरणात, 2014 साली, सर्वोच्च न्यायालय म्हणालं की नुसती नोटीस निघून भागत नाही, ती बजावली गेलेली हवी. बजावली का, कधी, कोणावर? दोन शब्दांच्या शेऱ्यात हे प्रश्न मावतच नाहीत. रकाना आज वाढवता येईल, पण त्यात भरायचं काय? पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत 11 व्या आवृत्तीपासून मोठ्या तक्त्यालाही ठरलेल्या मूल्याचा नवा रकाना क्षणात जोडता येतो. जुनी कागदपत्रं शोधायचं काम काही क्षणात होत नाही.

दुसरी गंमत 1 ऑगस्ट 2014 ची. पालघर वेगळा झाला, पंधरापैकी आठ तालुके तिकडे गेले, शहापूर आणि मुरबाड ठाण्यातच राहिले. 2011 च्या जनगणनेतला एक कोटी दहा लाखांचा ‘ठाणे’ त्यामुळे आजचा ठाणे नाही. तालुक्यासमोर जिल्ह्याचं नाव पुसून नवं लिहिणाऱ्याचे जुने अहवाल बिघडतात. तालुका कोणत्या जिल्ह्यात, कधीपासून कधीपर्यंत, याचा निराळा तक्ता ठेवणारा सुटतो.

चालू तक्त्याची पुनर्रचना करायची रीत धिमी. आधी नवे रकाने जुन्यांशेजारी मांडायचे, काही काळ दोन्हींत लिहायचं, जुनी माहिती थोडी थोडी आणायची, ताडायची आणि सगळे वाचणारे नव्याकडे वळले की मगच जुनं काढायचं. वाचणारे वळले का, हे बघायला लोक विसरतात. वनहक्काचंच बघा. वनहक्क कायदा 2006 चा. त्याखालचा हक्क विवाहितांच्या बाबतीत नवरा-बायको दोघांच्या नावे मिळतो, वारसांकडे जातो, पण विकता येत नाही. वनजमिनीच्या सातबाऱ्यावर भोगवटादार वन खातं, आणि कातकरी किंवा ठाकूर कुटुंबाची नोंद इतर हक्कांत. फक्त भोगवटादाराचा रकाना वाचणाऱ्या प्रणालीला हे कुटुंब सापडणार नाही, मग तिने पिकाची माहिती मागितलेली असो की भरपाईची यादी.