रात्रपाळी आणि शरीरातले घड्याळ: ‘सवय झाली’ तरी साखर का वाढते?

रात्री मोशीच्या चौकात उभे राहिलात तर चाकणकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बस एकामागून एक दिसतात. भोसरी आणि चाकणच्या एमआयडीसीमुळे मोशी, चिखली, डुडुळगाव या भागात रात्रपाळी करणारी माणसे जवळपास प्रत्येक सोसायटीत आहेत. दवाखान्यात त्यांच्या तक्रारीही ठरलेल्या असतात: ॲसिडिटी, दिवसा तुटक झोप, वजन, वाढलेली साखर. आणि एक प्रश्न: “डॉक्टर, दहा वर्षे नाईट करतोय, आता सवय झाली आहे. मग हे का होते?”

सवय मनाला होते. बहुतेकांच्या शरीरातले घड्याळ मात्र पूर्ण उलटे फिरत नाही. का, ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि माणसाकडे इतर सजीवांच्या रांगेत उभे करून पाहावे लागेल.

लाजाळूची पाने रात्री मिटतात हे आपण लहानपणापासून पाहिलेले असते. १७२९ साली दमेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे एक रोप अंधारात ठेवून पाहिले. सूर्य दिसत नसतानाही पाने ठरल्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. म्हणजे वेळेचे भान रोपाच्या आतच होते. पुढे १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेंझर या अमेरिकी संशोधकांनी पिकल्या केळ्यांवर घोंघावतात त्या बारीक माश्यांमध्ये (फळमाशी) एक जनुक शोधले. त्यात बिघाड झाला की माशीचा दिवस कधी आखूड होई, कधी लांबे, कधी तिला दिवस-रात्र असा तालच उरत नसे. हे जनुक एक प्रथिन बनवते, ते प्रथिन साठत जाऊन त्याच जनुकाचे काम थांबवते, मग हळूहळू ते प्रथिन नष्ट होते आणि चक्र पुन्हा सुरू होते. एका फेरीला सुमारे २४ तास लागतात. हे काम उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

माशीचे आपल्याला काय, असे वाटेल. पण त्याच कुळातली जनुके आपल्या पेशींतही आहेत. माशीचा आणि आपला समान पूर्वज ५० कोटी वर्षांहून जुना. तेव्हापासून ही यंत्रणा टिकून आहे. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एका कुटुंबाचा अभ्यास झाला. त्यांना संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोप अनावर होई आणि पहाटे साडेचारला जाग येई. बदल सापडला तो याच प्रकारच्या जनुकात. घरातले एखादे माणूस ‘लवकर पेंगते’ म्हणून त्याला आळशी ठरवण्याआधी हे लक्षात ठेवावे.

आपले मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर असते. सुमारे २० हजार पेशींचा ठिपका. ते डोळ्यांत येणाऱ्या प्रकाशावरून रोज वेळ जुळवून घेते. यकृत, स्वादुपिंड, आतडी यांचीही आपापली घड्याळे असतात, आणि त्यांच्यावर जेवणाच्या वेळेचा मोठा प्रभाव असतो. माणूस हा दिवसा वावरणारा प्राणी. त्यामुळे रात्री शरीराचे तापमान उतरते, झोपेला मदत करणारे मेलाटोनिन वाढते, आणि साखर हाताळण्याची क्षमता कमी होते. तीच भाजी-भाकरी दुपारी एकला खाल्ली तर साखर जितकी चढते, त्याहून रात्री दोनला जास्त चढते.

याची एक सुरेख चाचणी अमेरिकेत बॉस्टनला झाली. २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. १९ निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखे जागवले. ज्यांना रात्रीही जेवण दिले, त्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. जे जागले रात्रभर पण जेवले फक्त दिवसा, त्यांच्यात लक्षणीय वाढ दिसली नाही. प्रयोग छोटा आहे, पण कामाचा आहे, कारण पाळी आपल्या हातात नसली तरी डबा असतो.

म्हणून रात्रपाळीच्या आधी, घरून निघताना नीट जेवा. मध्यरात्रीनंतर भूक लागलीच तर फुटाणे, ताक, एखादे फळ एवढ्यावर भागवा. कॅन्टीनचा वडा आणि गोड चहा टाळा. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घ्या. झोपायच्या आधी निदान सहा तास नकोच.

मात्र इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा बदल स्वतःहून करू नका. काही गोळ्या घेऊन न जेवता दिवसभर झोपल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. कोणत्या आठवड्यात कोणती पाळी आहे हे डॉक्टरांना सांगा, औषधांच्या वेळा त्याप्रमाणे बसवता येतात. उपाशीपोटी रक्त द्यायचे असेल तर रात्री तीनला काय खाल्ले तेही लॅबमध्ये सांगा.

सकाळी सातला पाळी सुटते तेव्हा डोळ्यांवर ऊन पडते आणि मेंदू समजतो, दिवस सुरू झाला. बसने येत असाल तर काळा चष्मा घाला. दुचाकी चालवणाऱ्यांनी तो घालू नये, अंधाराने झापड वाढते. खरे तर पहाटे ते सकाळ हा पेंग येण्याचाच काळ असतो, आणि त्यात पुणे-नाशिक रस्त्यावरचे कंटेनर. शक्य तितके कंपनीच्या बसनेच या. घरच्यांसाठी: खोलीला जाड पडदा, बेल बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. ‘फक्त सिलिंडर घ्यायला’ मध्येच उठवलेल्या माणसाची झोप पुन्हा पूर्वीसारखी लागत नाही.

पाळ्यांचा क्रमही महत्त्वाचा. आपले आतले घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा किंचित मोठे असते, म्हणून उशिरा सरकणे त्याला सोपे जाते. सकाळ, मग दुपार, मग रात्र हा क्रम उलट्या क्रमापेक्षा बरा. हे कामगार संघटनेने किंवा कंपनीच्या डॉक्टरांनी व्यवस्थापनाशी बोलावे असे मला वाटते. यात पैसा लागत नाही.

कर्करोगाचे काय, असेही विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आणि २०१९ मध्ये ते मत कायम ठेवले. याचा अर्थ पुरावा बऱ्यापैकी आहे, पण पक्का नाही. घाबरून नोकरी सोडण्याचे हे कारण नाही. तंबाखू सोडण्याचे मात्र नक्कीच आहे, कारण तिच्याबद्दल शंकाच उरलेली नाही, आणि रात्री जागे राहण्यासाठी तिची पुडी बऱ्याच खिशांत असते.

फिट येत असेल, गरोदर असाल, रात्रपाळी सुरू झाल्यापासून बीपी किंवा साखर आटोक्यात नसेल, किंवा झोपेत मोठ्याने घोरताना श्वास थांबतो असे घरच्यांनी पाहिले असेल, तर पुढच्या नाईटच्या आधी तपासून घ्या. पाळी बदलण्याची गरज असल्यास डॉक्टर तसे लेखी देऊ शकतात.