गुरुवार, चाळीस मीटर

पहाटे ५.४५

रिग, म्हणजे हॅम रेडिओचा सेट, सुरू केल्यावर पहिलं काम प्रीअँप बंद करण्याचं. नव्या माणसाला ते बटण दाबायचा मोह होतोच, कारण दाबलं की एस मीटर वर चढतो आणि जास्त ऐकू येतंय असा भास होतो. पण चाळीस मीटरच्या बँडवर, म्हणजे सात मेगाहर्ट्‌झवर आकाशातला आणि वस्तीतला गोंगाट रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा कितीतरी मोठा असतो. प्रीअँप गोंगाटही वाढवतो आणि माणसाचा आवाजही, म्हणजे हाती काही लागत नाही. उलट ॲटेन्युएटर टाकावा, आरएफ गेन थोडा मागे घ्यावा. खरखर खाली जाते आणि त्यातून बोलणारा वर येतो.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा आहे, पुण्यात सूर्य उगवायला साडेसहा वाजून जातात. या वेळी चाळीस मीटरचा बँड लांबचा असतो. रात्रभरात आयनांबराचा वरचा एफ थर विरळ झालेला असतो, त्यामुळे सरळ वर गेलेली लहर अवकाशात निघून जाते आणि तिरपी गेलेलीच खाली परत येते, तीही हजारो किलोमीटरवर. कोल्हापूर ऐकू येत नाही, इटली येतं. तिकडे रात्रीचा सव्वा वाजलाय. एक इटालियन गृहस्थ मोर्समध्ये सीक्यू, म्हणजे 'कुणी आहे का' अशी हाक, देत बसलेत, त्यांना झोप येत नसावी. मी पन्नास वॅटवर उत्तर देतो. नाव, गाव, रिपोर्ट, निरोपाचं 'सेव्हंटी थ्री', संपलं. त्यांच्या मागोमाग दुसरं कोणी मला हाक मारत नाही, तेव्हा चहा.

७.३०

आता त्याच बँडवर, त्याच तारेवर इटली गायब आणि कोल्हापूर हजर. ऊन लागून एफ थर दाट झाला, सरळ वर गेलेली लहरही परत यायला लागली. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पाइपाला मधोमध टांगलेली, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर उतरती तार, एवढाच माझा अँटेना. तो जमिनीपासून फार उंच नाही, आणि जवळच्या गप्पांसाठी तेच बरं, कारण कमी उंचीचा डायपोल बहुतेक ताकद वरच्या दिशेने फेकतो. तीन-चारशे किलोमीटरच्या परिघात ती पावसासारखी खाली येते.

सकाळचं नेट, म्हणजे ठरल्या वेळेच्या सामुदायिक गप्पा, सुरू असतं. नेट कंट्रोल एकेकाला बोलावतो. सोलापूर, हुबळी, इंदूर, नाशिक. भाषा अर्धी हिंदी, अर्धी इंग्रजी, ओळखीचा भेटला की मराठी. बोलण्याचे विषय: रक्तदाब, पाऊस, एसडब्ल्यूआर. आज एकाचा आवाज फाटतोय. माइक गेन चढवून ठेवलाय त्यांनी. असं दोघातिघांनी सांगूनही ते 'माझ्याकडे मीटर बरोबर दाखवतोय' म्हणतात. मीटर त्यांच्याकडेच असतो, कान आमच्याकडे.

८.५०

सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आलेला आहे: दुरुस्तीसाठी दहा ते तीन वीज बंद. पुण्यात गुरुवारी हे ठरलेलंच. सौ. मिक्सरची कामं उरकतात, मी बॅटरी तपासतो.

घरच्या वापराचे बहुतेक १०० वॅटचे सेट १३.८ व्होल्टवर चालतात. ऐकताना एखादा अँपिअर खातात, पूर्ण ताकदीने बोलताना वीसच्या आसपास. व्होल्टेज थोडं खालीवर झालं तरी त्यांची तक्रार नसते, म्हणून इन्व्हर्टरची बारा व्होल्टची बॅटरी थेट जोडता येते. मी मात्र जाड तार आणि दोन्ही बाजूंना फ्यूज घातल्याशिवाय जोडत नाही. नवखे लोक सेटवर लाख खर्च करतात आणि वीज नेणारी तार खेळण्यातली घालतात. बोलायला लागलं की व्होल्टेज कोसळतं, सेट बंद पडतो आणि दोष सेटला मिळतो.

बॅटरीचा विषय निघाला की मला अंदमान आठवतं. हॅम भारती प्रसाद यांचं पथक डिसेंबर २००४ मध्ये पोर्ट ब्लेअरला हौशी मोहिमेवर होतं, जगभरच्या हॅमना अंदमानशी संपर्काची दुर्मीळ संधी द्यायला. २६ तारखेला त्सुनामी आली. टेलिफोन गेले, वीज गेली आणि हौसेसाठी नेलेले तेच सेट माणसांचे निरोप पोचवायला लागले.

१०.०५

वीज गेली.

हे मी कुणाला पटवून देऊ शकत नाही, ऐकवावंच लागतं. एका क्षणापूर्वी एस मीटर सातवर चिकटून बसला होता. एलईडी दिवे, चार्जर, पाणी शुद्ध करायचं यंत्र, सेट-टॉप बॉक्स, लिफ्टची मोटर, दिवाळी होऊन गेली तरी सज्जांवर लटकणाऱ्या माळा, सगळ्यांची मिळून एक कोरडी करकर असते. ती थांबली आणि मीटर दोनवर आला. एक एस युनिट म्हणजे सहा डेसिबल. पाच युनिट म्हणजे तीस डेसिबल, म्हणजे हजार पट. समोरच्याने १०० वॅटचे एक लाख वॅट केले असते तर माझ्या कानाला जेवढा फायदा झाला असता, तेवढा एका लाइनमनने खटका ओढून करून दिला.

थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरच्या इन्व्हर्टरची गुणगुण चालू होते. तरी चालेल.

कोणता सेट घ्यावा, असं मला विचारतात तेव्हा मी हा गुरुवार सांगतो. संवेदनक्षमता, मायक्रोव्होल्ट, रिसीव्हरच्या तक्त्यातला क्रमांक हे सगळं वीज गेल्यावरचं. वीज असताना शहरातला रिसीव्हर शेजाऱ्यांचे चार्जर ऐकतो, आणि महागडा सेट तेच चार्जर जास्त स्पष्ट ऐकवतो.

११.१५

उन्हं चढली की खालचा डी थर तयार होतो आणि सात मेगाहर्ट्‌झच्या लहरी गिळायला लागतो. चाळीस मीटर आता संध्याकाळपर्यंत सुस्त. मी २८.२०० वर जातो, कारण सूर्यावरचे डाग अजून पुरेसे आहेत आणि दहा मीटर उघडा असावा.

या जागी जगभरातल्या अठरा स्टेशनांची एक साखळी आळीपाळीने बोलते. प्रत्येकाला दहा सेकंद. तीन मिनिटांत फेरी पूर्ण. त्या दहा सेकंदांत मोर्समधला कॉलसाइन आणि मग एकेक सेकंदाचे चार डॅश: पहिला १०० वॅटचा, दुसरा दहाचा, तिसरा एक वॅटचा, चौथा एक दशांश वॅटचा. पश्चिम ऑस्ट्रेलिया आला, पहिले तिन्ही डॅश स्वच्छ. पाठोपाठ जपान, दोन. मग सैबेरियाची पाळी होती, तिथे नुसती शांतता. हाँगकाँग, कोलंबो.

ट्रान्सिव्हर घ्यायच्या आधी प्रत्येकाला ही फेरी ऐकायला लावावी. ऑस्ट्रेलियातला एक वॅट पुण्याच्या चौथ्या मजल्यावर पोचतो, हे एकदा कानांनी ऐकलं की माणूस ४०० वॅटचा अँप्लिफायर मागत नाही. शंभराचे चारशे केले तर समोरच्याकडे मीटर एका युनिटने हलतो. एवढाच हलतो.

१२.३०

एफटीएट. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणलेली ही पद्धत. यातले टेलर म्हणजे पल्सारवरच्या कामासाठी १९९३ चं नोबेल मिळालेले. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या, लॅपटॉपचं घड्याळ सेकंदाबरहुकूम हवं. कानाला ऐकू न येणारा संकेत लॅपटॉप वाचतो. गप्पा नसतात, म्हणून मला अर्धं प्रेम. पण नवा सेट घेणाऱ्याने बघावं की मागच्या बाजूला यूएसबीचं भोक आहे का. असेल तर एका तारेत काम होतं, जुन्या सेटला मधे इंटरफेसची डबी लागते. आणि ताकद तीस वॅटांवर आणून ठेवायची. बोलताना आपण श्वास घेतो, सेटही घेतो. इथे पाळीभर तो पूर्ण ताकदीने ओरडत असतो आणि तापतो.

१.१५

जेवण. पिठलं-भात. झोप.

३.०५

वीज आली. मीटर सातवर.

४.००

काल फोन करून ठेवलेली मुलगी येते. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, परवाना नुकताच हातात पडलाय: रिस्ट्रिक्टेड, म्हणजे व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन. जनरलसाठी मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स लागतो, तो ती शिकतेय. आमच्या जगात वयाची पर्वा न करता पुरुषाला 'ओल्ड मॅन' म्हणायची रीत आहे. ती काका म्हणते.

"काका, हे तीन ठरवलेत. तुम्ही एक सांगा." कागदावर तीन नावं आणि रॉब शेरवूड यांच्या तक्त्यातले आकडे. शेरवूड हे अमेरिकेतले हॅम, गेली कित्येक वर्षं रिसीव्हर मोजून त्यांची उतरंड लावतात. आकडे खरे असतात. पण कोथरूडच्या फ्लॅटमध्ये त्या यादीतल्या पाचव्या आणि पंचविसाव्या सेटमधला फरक शेजारच्या चार्जरखाली गाडला जातो.

तिचा पहिला पर्याय आयकॉमचा आयसी-७३००. २०१६ पासूनचा, अँटेनाकडून आलेलं सगळं थेट आकड्यांत बदलणारा, पडद्यावर वॉटरफॉल दाखवणारा. उत्तम सेट, माझ्या टेबलावर तोच आहे. नवा घ्यायचा तर लाखाच्या पलीकडे. दुसरा पर्याय कुणीतरी विकायला काढलेला वीस वर्षांपूर्वीचा साधा १०० वॅटचा सेट, पडदा नाही, गोल नॉब आणि आकडे. तिसरा मायक्रोबिटएक्स: हैदराबादच्या अशहर फरहान यांनी आखलेला, खालच्या बँडवर दहाएक वॅट देणारा, वर जाल तशी ताकद कमी होत जाणारा. त्याचं झाकण उघडं ठेवून माणूस रेडिओ शिकतो.

"तुझ्याकडे किती आहेत?"

ती आकडा सांगते. इंटर्नशिपचे पैसे आहेत, बाबांकडून घ्यायचे नाहीत असं ठरवलंय.

"मग यातले निम्मे सेटला. उरलेल्यातून एसएमपीएस, तार, केबल, एसडब्ल्यूआर मीटर."

तिला हे आवडत नाही. वॉटरफॉल हवा असतो. मलाही तिच्या वयात हवा असता. तो बघून बँडची एक समज येते, हे खोटं नाही. पण तिला परवान्याने पन्नास वॅटच वापरायचे आहेत, आणि १०० वॅटचा जुना सेट पन्नासवर ठेवला की गार राहतो. शिवाय तो नीट निवडला तर जितक्याला घेतला, साधारण तितक्याला विकता येतो.

नीट निवडला तर. म्हणून तिला लिहून घ्यायला लावतो. विकणाऱ्याकडे परवाना आणि सेटचे कागद आहेत का. नसले तर कितीही स्वस्त असो, परत फिरायचं, कारण आपल्याकडे असा सेट बाळगायलाही परवाना लागतो. झाकण उघडून बघायचं, आत कुणी कात्री चालवली आहे का. डमी लोड बरोबर न्यायचा आणि पाच-पाच सेकंद प्रत्येक बँडवर ताकद बघायची. एका स्टेशनवर लावून अर्धा तास गप्पा मारायच्या आणि सूर सरकला का ते ऐकायचं. मोर्सचा अरुंद फिल्टर आत बसवलेला आहे की नुसतं बटण आहे, हेही विचारायचं. जुन्या सेटांत तो वेगळा घ्यावा लागायचा.

"आणि काका, जायचं कधी?"

"संध्याकाळी सातला. दुपारी गेलीस तर सगळेच सेट चांगले वाटतील."

तिला ते कळत नाही, म्हणून थांबवून घेतो. मधल्या वेळात वीस मीटरवर युरोप खुला झालेला असतो, तिला माइक देतो. पहिल्या हाकेला तिचा आवाज बसतो. एक बल्गेरियन तिला 'फाइव्ह नाइन' देतो, जो प्रत्येकालाच दिला जातो, आणि ती खूश होते.

६.४५

आता चाळीस मीटर. आपला बँड ७.२ मेगाहर्ट्‌झला संपतो आणि त्याच रेषेपलीकडे प्रसारण केंद्रांची वस्ती सुरू होते. त्यांची ताकद शेकडो किलोवॅटची. दिवसा ती डी थरात बुडालेली असतात, अंधार पडला की सगळी एकदम अंगावर येतात. शेजारच्या मांडवात डीजे लागलेला असताना घरातली कुजबुज ऐकायची, असं रिसीव्हरचं काम होऊन बसतं.

कपाटातला माझा घरी जुळवलेला छोटा सेट काढून तिला त्यावर ७.१५० ऐकवतो. हुबळीच्या गृहस्थांच्या बोलण्यामागे चिनी गाणं. ते गाणं तिथे नाहीच. जोरदार संकेतांनी रिसीव्हरच्या आत एकमेकांत मिसळून ते तयार केलंय. ॲटेन्युएटरचं बटण दाबायला सांगतो. गाणं जातं, हुबळी राहते. मग तोच अँटेना मोठ्या सेटला. इथे गाणं नाही, पण पडद्यावर मधूनच 'ओव्हीएफ' उजळतं, म्हणजे आकडे करणाऱ्या चिपच्या तोंडात मावेनासं झालंय. ती स्वतःच हात पुढे करून आरएफ गेन मागे घेते. सांगावं लागत नाही.

शेरवूड यांच्या तक्त्यातला जो रकाना बघायचा तो हा: जवळच्या जोरदार संकेताच्या शेजारी दुबळा संकेत किती टिकतो. संवेदनक्षमतेचा रकाना शहरातल्या माणसाने झाकून ठेवावा.

९.४०

लॉग. वेळा यूटीसीत, साडेपाच तास वजा करून. वही आधी, संगणक नंतर. अँटेनाची केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर; परतीचा पाऊस गेलाय, पण सवय.

तिचा फोन. विकणाऱ्याशी बोलली, शनिवारी संध्याकाळी येते म्हणून सांगितलं. तो म्हणाला दुपारी या, संध्याकाळी बँडवर फार गडबड असते.

"म्हणूनच संध्याकाळी जा."

"आणि केबल? गच्चीपासून खिडकीपर्यंत पंचवीस मीटर होईल. पातळ घेऊ की जाड?"

सात मेगाहर्ट्‌झला पातळ आरजी-५८ चालेल, जेमतेम एक डेसिबल जाईल. पण दहा मीटरवर तेवढ्याच लांबीत तिच्या पन्नास वॅटांपैकी एक तृतीयांश केबलच गरम करण्यात जातील. जाड आरजी-२१३ घे म्हणतो, आणि गच्चीवरच्या जोडाला पाणी शिरणार नाही असा टेप.

"सोसायटीला काय सांगू? डिशची केबल म्हणू?"

"नको. परवान्याची झेरॉक्स लावून लेखी अर्ज दे, आणि पोच घे."