पार्कर्सबर्गचं कपाट

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, पार्कर्सबर्ग इथल्या सरकारी कर्जाचा हिशेब ठेवणाऱ्या कचेरीत, एप्रिल २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश फायलींचं एक साधं कपाट पाहून आले. सोशल सिक्युरिटी या पेन्शन योजनेचा निधी म्हणजे त्या कपाटातले निव्वळ कागद, असं त्यांनी देशाला सांगितलं. कागद होतेच, पण सरकारी कर्जरोखाही कागदच असतो आणि त्याच्या भरवशावर जगभरच्या बँका पैसे ठेवतात. १९३५ च्या कायद्यानं उभ्या राहिलेल्या या योजनेत आज कामगाराच्या पगारातून ६.२ टक्के आणि मालकाकडून तितकेच पैसे येतात. पेन्शन देऊन उरलेली रक्कम कायद्यानुसार सरकारी रोख्यांतच गुंतवावी लागते. ती रोकड सरकार इतर कामांना वापरतं, हे खरं. पण त्याबदल्यात ते निधीचं ऋणको होतं. रोखे वटवताना त्याला कर लावावा किंवा नवं कर्ज काढावं लागतं, एवढा टीकाकारांचा मुद्दा बिनतोड आहे. मात्र त्यामुळे निधी खोटा ठरत नाही. शिल्लक असेतो पेन्शन देण्यासाठी काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, दरवर्षी हात पसरावा लागत नाही, हीच त्याची खरी ताकद.

म्हणूनच ‘खर्च कापा, पेन्शन वाचेल’ हा युक्तिवाद फसवा आहे. शाळा, रस्ते, संशोधन यांवरचा खर्च कापल्यानं सरकारची उसनवारी घटते आणि देणी फेडणं थोडं सोपं होतं. निधीत मात्र एक डॉलरही जमा होत नाही. त्याचं उत्पन्न म्हणजे पगारावरचा कर, व्याज आणि पेन्शनवरच्या प्राप्तिकराचा वाटा. कात्री लागते ती भलतीकडेच. योजना चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांचा खर्च याच निधीतून होतो, एकूण खर्चाच्या एक टक्क्याहूनही कमी. तरी त्याची मर्यादा काँग्रेस दरवर्षी ठरवते. २०२५ मध्ये कर्मचारी सुमारे ५७ हजारांवरून ५० हजारांवर आणण्याचं जाहीर झालं. पेन्शनचा आकडा तोच राहतो, खिडकीपुढची रांग तेवढी वाढते. याला काटकसर म्हणणं मला पटत नाही.

खरी तूट वेगळीच आहे. २०२१ पासून योजनेचा खर्च व्याजासकट एकूण उत्पन्नापेक्षा जास्त आहे. विश्वस्तांच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे निवृत्तांचा निधी २०३३ मध्ये संपेल आणि चालू उत्पन्नातून ठरलेल्या पेन्शनच्या ७७ टक्केच देता येतील. दिवाळं नव्हे, पण जवळजवळ चौथा हिस्सा गेला. कर वाढवणं, लाभ घटवणं किंवा सर्वसाधारण तिजोरीतून भर घालणं, यांपैकी काहीतरी करावंच लागेल. १९८३ मध्ये काँग्रेसनं कर वाढवला आणि निवृत्तीचं वय टप्प्याटप्प्यानं ६७ वर नेलं, तेव्हा निधी आटायला काही महिनेच उरले होते.