चरित्राचे साक्षीदार

चरित्र वाचताना आपण मजकूर वाचतो. पानाच्या तळाशी बारीक टाइपात दिलेले आधार मात्र बहुतेक जण वाचत नाहीत. छापील ग्रंथावर लेखकाचे नाव असते, त्या नावाची काही पत असते, म्हणून तेथे हा आळस एक वेळ खपून जातो. पण २००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियासारख्या ज्ञानकोशात कोणीही भर घालावी अशी मुभा आहे. तेथे लेखाची सारी पत आधारांवर. एखाद्या गवयाच्या चरित्रात आधार कच्चा निघाला तर फार तर एखादी तारीख चुकेल. ज्याने आयुष्यभर द्वेषाचे राजकारण केले, त्याच्या चरित्रात मात्र कच्चा आधार फार महागात पडतो.

इंग्लंडच्या सर ऑस्वाल्ड मोस्लेचेच उदाहरण घ्या. वंगभंग करणाऱ्या लॉर्ड कर्झनचा हा जावई. १९१८ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो हुजूर पक्षातर्फे पार्लमेंटात गेला. पुढे मजूर पक्षात शिरून १९२९ साली मंत्री झाला. आणि १९३२ साली त्याने काळ्या शर्टवाल्यांची फॅसिस्ट संघटना काढली. कर्झनकन्येच्या मृत्यूनंतर त्याने डायना मिटफर्डशी लग्न केले. ते १९३६ साली बर्लिनमध्ये गोबेल्सच्या घरी लागले आणि पाहुण्यांत खुद्द हिटलर होता. १९४० साली ब्रिटिश सरकारने त्याला स्थानबद्ध केले. १९८० साली तो वारला. आता अशा गृहस्थाच्या चरित्राला साक्षीदार कोण काढायचे?

पहिला साक्षीदार तो स्वतः. १९६८ साली त्याने आत्मचरित्र प्रसिद्ध केले. ७ जून १९३४ रोजी लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात त्याची सभा झाली आणि मध्येच ओरडणाऱ्यांना त्याच्या स्वयंसेवकांनी बेदम मारले. मोस्लेच्या मते दोष सभा उधळायला आलेल्या कम्युनिस्टांचा. उलट, डाव्या विचारांच्या गोलांझ या प्रकाशकाने त्याच वर्षी मार खाल्लेल्यांच्या आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या जबान्या छापल्या. दोन्हीकडे पक्षपात आहे. पण म्हणून दोन्ही टाकून द्यायचे नसतात. आपल्याविषयी लोकांनी काय समजावे असे मोस्लेला वाटत होते, याला त्याचे आत्मचरित्र उत्तम पुरावा. सभागृहात काय घडले, याला ते पुरेसे नाही.

दुसरा साक्षीदार वृत्तपत्र. जानेवारी १९३४ मध्ये ‘डेली मेल’चे मालक लॉर्ड रॉदरमिअर यांनी आपल्या पत्रातून या काळ्या शर्टवाल्यांचा जयजयकार केला. ऑलिंपियानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी अंग काढून घेतले. गंमत अशी, की २०१७ साली इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी हे पत्र सामान्यतः आधारासाठी घेऊ नये असे ठरवले. तरीही तो १९३४ चा लेख चरित्रातून वगळता येत नाही. मोस्ले कसा होता हे त्यावरून कळत नाही, पण त्याच्या पाठीशी कोण होते हे कळते.

तिसरे साक्षीदार चरित्रकार. रॉबर्ट स्किडेल्स्की यांचा ग्रंथ १९७५ सालचा. मोस्ले तेव्हा हयात होता. ग्रंथ अभ्यासपूर्ण, पण लेखकाने नायकाला फार सांभाळून घेतले, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला. वडील वारल्यावर मुलगा निकोलस याने १९८२ आणि १९८३ साली दोन खंड लिहिले, आणि पुत्र असूनही बापाचे दोष झाकले नाहीत. सावत्र आई डायनाला ते रुचले नाही. मुसोलिनीकडून पैसा घेतल्याचे मोस्ले नाकारीत आला होता; पण लंडनमधला इटलीचा राजदूत ग्रांदी याने मुसोलिनीला लिहिलेल्या पत्रांत त्या पैशाचा उल्लेख सापडला. बखर आणि अस्सल पत्र यांची योग्यता सारखी नव्हे, हे इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्याला कधीच शिकवले आहे. त्याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

विकिपीडियाचा नियम असा, की अस्सल कागदांवरून लिहिणाऱ्याने स्वतः निष्कर्ष काढू नयेत. जाणत्या अभ्यासकांनी काढलेले द्यावेत. नियम शहाणपणाचा आहे. पण अभ्यासकच मवाळ निघाला तर ज्ञानकोशही मवाळ होतो. म्हणून एकाच ग्रंथावर विसंबता येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. अशा माणसावर राग असतो, आणि रागाच्या भरात कोणत्याही चोपड्यातला आरोप उचलावासा वाटतो. तसा एक आरोप खोटा ठरला, की त्याचे भक्त म्हणतात, ‘पाहा, बाकीचेही असेच!’ ऑलिंपियात मार खाल्लेल्यांची खरी जबानीसुद्धा मग संशयात सापडते. निःपक्षपात म्हणजे अर्धे याचे आणि अर्धे त्याचे असा वाटा नव्हे. पुराव्याचे वजन ज्या बाजूला, त्या बाजूला पारडे झुकलेच पाहिजे.

तेव्हा वाचकहो, असे चरित्र हाती आले की आधी तळाशी जा. हे कोण सांगतो, त्याने ते पाहिले की ऐकले, आणि ते सांगण्यात त्याचा लाभ काय, एवढे तीन प्रश्न विचारा. मग वरचा मजकूर वाचा.